इंजिन खोलायच्या आधी कंप्रेशनचा आकडा लिहून मागा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. गॅरेजशी माझा धंद्याचा काही संबंध नाही, पण गेल्या आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) एकच विषय डोक्यात घोळतोय आणि तो तुमच्या पेपरातून आपल्या खान्देशातल्या लोकांपर्यंत जावा असं मनापासून वाटतं म्हणून लिहायला बसलो. जुनी गाडी मिसिंग मारायला लागली, चढावर दम टाकायला लागली की आपल्याकडे बोनेट उघडून, दोनदा रेस देऊन, कान लावून सांगतात, "इंजिन गेलं." आणि आपण ऐकतो. डॉक्टरने ताप न मोजता ऑपरेशन सांगितलं तर आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, गाडीच्या बाबतीत मात्र कोणी विचारत नाही की भाऊ, कंप्रेशन किती आलं, कुठल्या सिलिंडरला किती आलं. कंप्रेशन म्हणजे सिलिंडरमधे पिस्टनने हवा दाबली की तयार होणारा दाब.

आमच्याकडे वडिलांची मारुती ८०० आहे, २००९ ची. वडिलांनी रिटायर झाल्यावर आलेल्या पैशातून घेतलेली, अजूनही रोज सकाळी जुन्या धोतराच्या फडक्याने पुसतात. १९८३ ला बाजारात आलेली ही गाडी २०१४ ला बंदच झाली, पण आमच्या भागात अजून भरपूर दिसतात कारण तीन सिलिंडरचं साधं ७९६ सीसी इंजिन, पार्ट कुठंही मिळतात. आम्ही तिला मधे गॅस किट बसवलं होतं, पाच-सहा वर्षं ती गॅसवरच जास्त पळाली. आखाजीला ताईला आणायला कन्नडला निघालो, ती माहेरी येणार म्हणून आईने आदल्या रात्रीच पुरणाची डाळ भिजत घातलेली, आणि चाळीसगाव सोडून घाट लागला तशी गाडी थरथरायला लागली. पहिल्या गिअरवरही उचलेना. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, वडील शेजारी गप्प बसलेले. शेवटी कशीबशी वळवून उतारावरून परत चाळीसगावला आणली. ताई त्या दिवशी एसटीने आली, उभ्याने.

दुसऱ्या दिवशी ज्या गॅरेजला गाडी दाखवली त्याचं नाव मी घेणार नाही, कारण माझं भांडण एका माणसाशी नाही. त्याने पाच मिनिटांत सांगितलं की पूर्ण इंजिन बांधावं लागेल, ४२ हजार. वर म्हणाला की एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात द्या, पंधरा वर्षं होऊन गेलेली गाडी. वडिलांनी दोन वर्षांपूर्वीच ५००० रुपये भरून फेरनोंदणी केलेली. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारची ही फी ६०० वरून ५००० झाली ना, ती. घरी आल्यावर ते दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत, आणि मला खरं सांगायचं तर ४२ हजारापेक्षा तेच जास्त लागलं.

मग गावातल्या एकाने एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेल्या एका मिस्तरींचा पत्ता दिला. वय सत्तरच्या पुढे, घराच्या ओट्यावरच काम करतात. त्यांनी गाडी चालू करून गरम होऊ दिली, ऐकली, आणि काहीच बोलले नाहीत. घरातून एक मळकी पेटी आणली, त्यात कंप्रेशन मीटर. मी शाळेत विज्ञान शिकवतो पण हे मीटर त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं. दिसायला टायरची हवा बघायच्या मीटरसारखंच, फक्त खाली प्लगच्या आट्यांची नळी.

त्यांनी काय केलं ते मी नीट सांगतो कारण हेच लोकांना माहीत पाहिजे. आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, गॅस बंद केला, इग्निशन तोडलं, म्हणजे पेट्रोलचा फवारा आणि ठिणगी एकत्र यायला नको. मग तिन्ही प्लग काढले. बॅटरी चार्ज आहे ना ते बघितलं. मला आत बसवलं आणि म्हणाले, गुरुजी, अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबून ठेवा आणि मी सांगेन तेव्हा सेल्फ मारा. मी विचारलं अ‍ॅक्सिलरेटर कशाला, तर म्हणाले हवा आत आलीच नाही तर पिस्टन दाबणार काय. बॅटरी ढिली असली, इंजिन थंड असलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला नसला तर चांगल्या इंजिनचाही आकडा कमी दिसतो, आणि मग चांगलं इंजिन विनाकारण खोललं जातं. प्रत्येक सिलिंडरला मीटर लावून पाच-सहा दाब होईपर्यंत सेल्फ मारला. पहिल्याला १६० पीएसआय (दाबाचं माप). तिसऱ्याला १५५. मधल्याला ८५.

त्यांनी मला काटा बघायला बाहेर बोलावलं आणि सेल्फ मारायला त्यांच्या नातवाला बसवलं. चांगल्या सिलिंडरला काटा पहिल्याच दणक्यात अर्ध्यावर जातो आणि तीन-चार दणक्यांत वर पोचतो. रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, झिजल्या असतील तर पहिला दणका कमी येतो पण पुढे हळूहळू चढत जातो. आमच्या मधल्याचा काटा पहिल्या दणक्याला जेवढा आला तिथंच जवळजवळ अडकून बसला, थरथरला पण चढेना. चांगल्या पेट्रोल इंजिनला साधारण १५० ते १८० च्या मधे आकडा येतो, पक्का आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधे असतो, पण मिस्तरी म्हणाले की नुसता आकडा बघू नका, सिलिंडर-सिलिंडरमधला फरक बघा. दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक गेला की काहीतरी आहे. आणि तिन्हीच्या तिन्ही एकदम सारखे कमी आले तर घाबरायच्या आधी टायमिंग बेल्ट दात सोडून बसलाय का ते बघायचं, कारण सिलिंडरमधे हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडझाप करायला लागले की धडधाकट इंजिनही दाब धरत नाही.

मग त्यांनी इंजेक्शनच्या सुईविना सिरिंजमधे चमचाभर इंजिन ऑइल घेतलं आणि मधल्या सिलिंडरमधे प्लगच्या भोकातून सोडलं, परत मीटर लावलं. ९०. म्हणजे पाचच वाढले. ऑइल रिंगांच्या भोवती बसून फट बुजवतं, त्यामुळे रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेला असेल तर आकडा चांगलाच उसळी मारतो. उसळला नाही म्हणजे दाब खालून जात नाहीये, वरून जातोय, व्हॉल्व्हमधून नाहीतर हेड गॅस्केटमधून, म्हणजे सिलिंडर आणि वरचं हेड यांच्यामधल्या पट्टीतून. दोन शेजारचे सिलिंडर जोडीने पडलेले असते तर मधलं गॅस्केट फुटलंय असा पहिला संशय घेतात, आमचा एकटाच पडलेला. आणि इथेच ४२ हजाराच्या एस्टिमेटमधला बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं गळून पडलं. एका चमचाभर ऑइलने.

तरी ते थांबले नाहीत. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग, त्याचं कव्हर काढलं, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला तर मधल्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला गॅपच नाही, पातळातली पातळ पट्टीसुद्धा शिरेना. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. गॅप सेट करून परत मोजलं, फार फरक नाही पडला, तेव्हा म्हणाले आता हवा भरून ऐकू. यासाठी त्यांनी जुना प्लग घेऊन त्यातला चिनीमातीचा भाग काढून टाकलेला आणि वर हवेचा निप्पल वेल्ड केलेला, स्वतःच बनवलेला. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरचा पाइप त्याला जोडला. पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणला, गाडी गिअरमधे टाकली, हँडब्रेक ओढला आणि आम्हाला बेल्टपासून लांब उभं केलं कारण हवेच्या जोराने इंजिन फिरू शकतं, हात जाऊ शकतो. मग हवा सोडली.

मला म्हणाले, सायलेन्सरला तळहात लावा. लावला, तर इंजिन बंद असताना सायलेन्सरमधून थंड हवा हातावर येतेय आणि आत सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा फस्स आवाज. ऑइल भरायच्या झाकणाशी कान लावला तर जवळपास शांत. रेडिएटरमधे बुडबुडा नाही. एअर फिल्टरच्या तोंडाशी काही नाही. हवा जिथून बाहेर येते तिथं बिघाड, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमधे बुडबुडे आले तर गॅस्केट नाहीतर हेडला तडा, आणि सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. मिस्तरी वडिलांकडे बघून म्हणाले, "घाबरू नका दादा, एकच वॉल जयेल शे, बाकी इंजिन चांगलं शे." वडिलांनी दोन दिवसांनी पहिल्यांदा चहा मागितला.

हेड खोललं तर तसंच निघालं. व्हॉल्व्हच्या कडेचा नखाएवढा तुकडा जळून गेलेला, भाकरीची कड उंदराने कुरतडावी तसा. का जळला तेही सांगितलं. गॅस कोरडा जळतो, पेट्रोलसारखा व्हॉल्व्हच्या सीटला ओलावा देत नाही, त्यामुळे सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह आत आत बसत जातो आणि टॅपेटचा गॅप कमी कमी होत शेवटी संपतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंड व्हायला सीटला टेकणं हाच मोठा आधार, टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे, मग कड जळते. टॅपेट वेळेवर बघितले असते तर फुकटात वाचलो असतो, ती आमची चूक. गॅसवर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगतो की टॅपेट चेक करत जा, आवाज येत नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, टॅपेट वाजतो तेव्हा गॅप जास्त असतो, कमी झालेला गॅप वाजत नाही. नवा व्हॉल्व्ह, सीटचं काम, सगळे व्हॉल्व्ह घासून बसवले, गाईड सील, धुळ्याला लेथवाल्याकडून हेडचा तळ सपाट करून आणला, गॅस्केट, बेल्ट, मजुरी, सगळं मिळून ८६०० रुपये.

आता कोणी म्हणेल गुरुजींची गाडी स्वस्तात झाली म्हणून हे पत्र. तसं नाही. माझा मावसभाऊ यावलकडे केळीच्या धंद्यात आहे, त्याची जुनी ओम्नी व्हॅन. माझं ऐकून त्याने पण मीटर लावून घेतलं तर ९५, १००, ९०. ऑइल टाकून परत मोजलं तर तिन्ही १४० च्या आसपास. म्हणजे रिंगा आणि बोअर. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं तर भसाभस वाफ आणि धूर बाहेर, रेस दिली की मागे निळा धूर, आणि पाचशे-सहाशे किलोमीटरला लिटरभर ऑइल खात होती. तो दोन वर्षं घट्ट ऑइल टाकत होता, बाटल्यांमधली औषधं ओतत होता, प्लग बदलत होता. कारण काय निघालं तर एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटलेली, शेतरस्त्याची धूळ फिल्टरला वळसा घालून सरळ इंजिनात. आपल्याकडची उन्हाळ्यातली माती म्हणजे पिठासारखी, ती ऑइलमधे मिसळली की पॉलिश पेपरच झाला, बोअर घासत राहते. त्याच्या इंजिनात खाली टकटक पण होती. मिस्तरींनी चालू गाडीत एकेका प्लगची वायर सोडली, तिसऱ्याची सोडल्यावर टकटक मंद झाली, म्हणजे त्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. काढलेलं ऑइल उन्हात धरलं तर त्यात सोनेरी-तांबूस चमक, ऑइल फिल्टर कापून आतला कागद पसरला तर त्यावरही तसेच कण. त्यातले काही चुंबकाला चिकटले, ते लोखंडाचे, चमकणारे चिकटले नाहीत, ते बेअरिंगचे. तिथे अर्धं काम करणं म्हणजे पैसे पाण्यात. बोअर मारून मोठ्या मापाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं करावं लागलं आणि खर्चही तसाच आला. पण त्याला कळलं की आपण कशासाठी पैसे देतोय. आधीच्या दोन वर्षांत त्याने बाटल्यांवर जे घातले ते मात्र गेले.

उन्हाचं एक सांगायलाच पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री नवीन नाही, भुसावळ-जळगावच्या लोकांना तर विचारायलाच नको. रेडिएटरमधे कूलंटच्या ऐवजी बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं टाकतो, घरातल्या हंड्याला जसा पांढरा थर बसतो तसाच तो आत नळ्यांमधे बसतो, आणि मग हायवेवर काटा लाल रेषेत जातो. तरी आपण म्हणतो अजून दहाच किलोमीटर, ढाब्यापर्यंत जाऊ. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तेवढ्यात ते वाकतं आणि गॅस्केट जातं. कूलंट गळती न दिसता कमी होणं, सकाळी स्टार्ट केल्यावर पांढरा धूर बराच वेळ न थांबणं, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस, ही लक्षणं दिसली तर गाडी पुढे रेटू नका. आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, रेडिएटरचं झाकण उघडू नका, मी एकाचा भाजलेला हात बघितलाय.

पावसाळ्यात रेल्वेच्या भुयारी पुलाखाली साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली की लोक परत परत सेल्फ मारतात, त्यात सिलिंडरमधे पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. मग पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि त्या एका सिलिंडरचं कंप्रेशन कायमचं कमी, ऑइल टाकूनही वाढत नाही. अशा वेळी आधी प्लग काढायचे, पाणी बाहेर येऊ द्यायचं, मगच इंजिन फिरवायचं.

गॅरेजवाल्यांबद्दल माझ्या मनात राग नाही हे परत सांगतो. त्यांच्या कानाला जे कळतं ते मला सात जन्मात कळणार नाही. पण मिस्तरींनी एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. ते म्हणाले, गुरुजी, तासभर मोजण्याचे पैसे कोणी देत नाही, खोलल्याचे देतात, मग माणूस खोलतोच. हे आपलं, गिऱ्हाइकांचं पाप आहे. नुसतं बघून सांगायला कसले पैसे असं आपणच म्हणतो. साधं कंप्रेशन मीटर हजार-दीड हजारात येतं, तालुक्याच्या गॅरेजला ते जड नाही, आपण तपासणीचे तीनशे-चारशे रुपये आनंदाने द्यायला लागलो तर ते महिनाभरात वसूल होईल. मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा पण आता मिळतो, प्लगच्या भोकातून आत सोडला की सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे आहेत का, पिस्टनचं डोकं जळलंय का ते हेड न उतरवता दिसतं.

माझी मागणी एवढीच आहे की एस्टिमेटच्या कागदावर प्रत्येक सिलिंडरचा कोरडा आकडा आणि ऑइल टाकून आलेला आकडा लिहून द्यावा, तारखेसकट. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही मागावा, आपण टायर बघतो, रंग बघतो, इन्शुरन्सची तारीख बघतो आणि सगळ्यात महाग वस्तूला हात लावत नाही. आयटीआयमधे मोटार मेकॅनिकचा ट्रेड असतो, पोरं शिकत असतात, उन्हाळ्याच्या आधी एखाद्या रविवारी त्यांनी माफक फी घेऊन लोकांच्या गाड्यांचं कंप्रेशन मोजून दिलं तर पोरांचा हात बसेल आणि कितीतरी घरांचे पैसे वाचतील. प्राचार्य साहेबांपर्यंत हे पत्र पोचलं तर मी स्वतः येऊन नोंदी लिहायला बसायला तयार आहे, अक्षर चांगलं आहे माझं.

आमच्या गाडीची चिठ्ठी वडिलांनी आरसी बुकाच्या पाकिटात ठेवलीय, त्यावर कामाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे, शेवटची ओळ १६०, १५८, १५५. येत्या आखाजीला ताईला आणायला परत कन्नड घाटानेच जायचंय. निघायच्या आदल्या दिवशी मिस्तरींनी मीटर लावायचं कबूल केलंय, आणि यावेळी त्याचे पैसे मी आधीच देऊन ठेवलेत.

आपला नम्र,
एक वाचक शिक्षक,
ता. पारोळा, जि. जळगाव